साफ नमुना

पतंग निवडायला बसलं की पंखा बंद करावा लागतो. वाशिमकडच्या मालेगावात बी-बियाण्यांच्या एका दुकानावर आमच्या प्रकल्पाची खोली होती. वर पत्रा, आणि जुलैत पाऊस दोन दिवस उघडला की आत जीव नकोसा व्हायचा. पण वारा लागला की मेलेले पतंग ट्रेमधून उडून टेबलाखाली जातात, मग बसा गुडघ्यांवर गोळा करत. म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि मी घामानं निथळत चिमट्यानं एकेक पतंग उचलून मायक्रोस्कोपखाली धरायची. माझा स्वभाव मुळात तापट, त्या खोलीत तो आणखी तापायचा. हे मी सबब म्हणून सांगत नाही. निदान तसं सांगायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले आहे.

मक्यावर पडणारी अमेरिकन लष्करी अळी तेव्हा आपल्या देशात नुकतीच आली होती. ती आपल्या भागात शिरते आहे का हे वेळेत कळावं म्हणून दहा-बारा गावांत मक्याच्या शेतात सापळे लावले होते. प्लास्टिकचा डबा, वर झाकण, झाकणाखाली मादीच्या वासाची रबरी गोळी. वासाला भुलून नर येतो आणि डब्यात पडतो. गावातलंच कुणीतरी सापळा सांभाळायचं, दर आठवड्याला डबा रिकामा करून पतंग कागदी पाकिटात घालायचं आणि एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचं. पुढचं काम माझं. पतंग पाहायचे, ओळखायचे, तक्ता भरायचा.

अडचण अशी की त्या वासाला दुसऱ्या जातींचेही नर येतात, आणि सगळे दिसायला मातकट, एकाच माळेचे मणी. नव्या किडीच्या नराच्या पंखाच्या टोकाशी पांढरा डाग असतो. तो डाग म्हणजे पंखावरची भुकटी, बोट लागलं तरी निघून येणारी. डाग दिसला नाही तर पतंगाचं पोट कापून, औषधात उकळून आतले अवयव तपासायचे, नाहीतर तो विद्यापीठात पाठवायचा, असा नियम होता. एका पतंगाला अर्धा तास सहज जायचा. तक्त्यातला शेवटचा रकाना मात्र 'इतर' असा होता. त्यात आकडा टाकायला क्षणही लागत नसे.

मेडशीचा सापळा एका बाईंकडे होता. पन्नाशीच्या असतील, मी त्यांना काकू म्हणायचे. घर विहारामागच्या वस्तीत, शेत दोन एकर, डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यातल्या अर्ध्या एकरात त्या कणसांसाठी मका घ्यायच्या. शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेऊन मेच्या शेवटी मका टोबायच्या आणि पावसाळ्यात अकोला-वाशिम रस्त्यावर गाड्या थांबतात तिथं शेगडी मांडून कणसं भाजायच्या. पाण्याच्या बदल्यात निंदणीच्या दिवसांत आधी त्या शेतकऱ्याचं शेत निंदायच्या, मग दुसऱ्यांचं. सासऱ्याच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं होतं, त्याला कागद नव्हता.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं आणि हसून म्हणाल्या, मंग तर तू आपल्यातलीच हाय. पण दुसऱ्याच वाक्यापासून मॅडम म्हणायला लागल्या. मी अडवलं नाही. आमच्या घरात टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करणारी मी पहिलीच, मॅडम ऐकायला बरं वाटायचं. काकूंनाही सापळ्याचा मान वाटे. सापळ्याशेजारी आमचा पिवळा फलक होता, तो त्या ओल्या फडक्यानं पुसून ठेवायच्या, आणि कणसं घ्यायला थांबलेल्या माणसांना लांबून बोट करून दाखवायच्या.

त्यांची पहिली दोन पाकिटं मात्र भयंकर होती. पतंगांबरोबर पानांचे तुकडे, मुंगळे, एक सुकलेला कोळी, ढेकळाचा चुरा. ते उपसता उपसता माझं डोकं फिरलं आणि मी तिथूनच फोन लावला. "काकू, मी इथं कचरा निवडायला बसले आहे का? पाठवायचं तर साफ करून पाठवत जा, नाहीतर पाठवू नका." पलीकडून त्या म्हणाल्या, चुकलं मॅडम, आता नाही होनार. फोन ठेवल्यावर मला जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

पुढच्या आठवड्याचं पाकीट पाहून मी खूश झाले. पानाचा कण नाही, मुंगी नाही. पतंग एका रांगेत, एका दिशेला डोकी करून, मधे कागदाच्या घड्या घालून ठेवलेले. बाहेर गोल अक्षरात गावाचं नाव, वार आणि पतंगांची संख्या. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी ते पाकीट कपाटावर टाचून ठेवलं आणि बाकीच्या गावांना फोनवर सांगितलं, मेडशीसारखं पाठवा.

त्या रांगेतले पतंग टकले होते. पंखांवर भुकटी नाही, डाग नाही, पट्टा नाही, नुसता पातळ करडा पापुद्रा. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी कधी म्हणणार नाही, कारण मायक्रोस्कोपखाली ते न दिसणं शक्यच नाही. डब्यात फडफडून पतंगांचे पंख घासले जातात, हेही खरं आहे, आणि मी तेच कारण पुढे केलं. पण बाकीच्या गावांतून दहातले दोन-तीन घासलेले यायचे, मेडशीचे सगळे. एवढा फरक का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला असता तर पोटं कापत बसावं लागलं असतं, आणि पंखा बंद होता. मी 'इतर' मध्ये आकडा टाकला. पुढच्या आठवड्यात पुन्हा टाकला. त्याच्या पुढच्याही.

साफ पाकिटं यायला लागल्याच्या चौथ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. मक्याच्या पोंग्यात, वरच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखं काहीतरी पडून राह्यलं म्हणाल्या, पानाला ओळीनं छिद्रं आहेत, आत अळी दिसते. येऊन पाहता का? मालेगावाहून मेडशीला असा किती वेळ लागतो? पण त्या दिवशी महिन्याचा तक्ता जायचा होता. मी म्हणाले, खोडकिडा असेल, त्यानंही अशीच छिद्रं पडतात. नवीन कीड असती तर सापळ्यात आली असती, तुमच्या सापळ्यात एकही नाही. त्या म्हणाल्या, "तुमी पाह्यलं ना, मंग नसंल." शेजारच्या शेतकऱ्यानं त्यांना विचारलं होतं, त्याचाही मका होता. त्यांनी माझा निरोप त्याला तसाच सांगितला. मॅडम म्हनल्या, काही नाही.

पंधरा दिवसांत काही राहिलं नाही. अळ्या मोठ्या झाल्या आणि पोंग्यात खोल शिरल्या, वरून औषध मारून त्यांच्यापर्यंत पोचेना. काकूंचा अर्धा एकर आणि त्या शेतकऱ्याचे तीन एकर चाळणी झाले. आमचे साहेब आले, त्यांनी एक पोंगा उकलून अळी तळहातावर घेतली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, म्हणजे तीच नवी कीड. ही कोणती अळी, ते मला विचारावं लागलं नाही. त्यांनीच विचारलं, सापळ्यात कशी नाही आली?

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत बसून मेडशीच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांतला एक पतंग घेतला, पोट कापलं, उकळलं आणि मायक्रोस्कोपखाली लावून मला पाहायला सांगितलं. तीच कीड होती. दुसरा घेतला, तोही तोच. पहिल्या साफ पाकिटापासून ती माझ्या टेबलावर येत होती. साहेब रागावले नाहीत, त्यांनी फक्त कारण विचारलं, कारण त्यांना वर कारण लिहायचं होतं.

मी म्हणाले, "मेडशीच्या बाई नमुने नीट ठेवत नाहीत, सर. सगळे घासलेलेच येतात."

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणूनच ते इतक्या सहज बाहेर आलं. शंका येईल तो पतंग कापून पाहायचा नियम माझ्यासाठी होता, हे मी बोलले नाही, आणि त्यांनाही घाई होती. त्यांनी लिहून घेतलं, सापळा दुसऱ्या शेतात हलवा, सांभाळणारी व्यक्ती बदला. मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची मला आजही किळस येते.

सापळा काढायला मीच गेले. बांधावर शेजारचा शेतकरी उभा होता आणि आणखी सहा-सात जण. तोवर गावात एक बोलणं पसरलं होतं, ते मला तिथं कळलं. हिच्या शेतात वासाची गोळी लावली, त्या वासानंच अळी आली. मादीचा वास सोडला तर नर येणारच, नर आला तर अळी होणारच, असा साधा हिशेब. ऐकायला पटण्यासारखा होता. काकू सापळ्याजवळ उभ्या होत्या, फलक पुसलेला होता.

त्यांनी विचारलं, "मॅडम, माह्यं काय चुकलं?"

मी हळू आवाजात म्हणाले की पतंग घासलेले येत होते, पंखांवर काही राहत नव्हतं. त्यांना कळेना. त्या शेतातल्या झोपडीत गेल्या आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन आल्या, धुऊन घडी घातलेला. "घासलेले कसे? मी तर हरेक पाखरू हलक्या हातानं पुसून पाठवत होती. त्याइच्या अंगावर लय भुकटी राह्यते. तुमीच म्हनल्या होत्या ना, साफ पाठवा म्हनून."

फडक्यावर करडी झाक होती. ती भुकटी, जिच्यावर सगळी ओळख अवलंबून होती. प्रशिक्षणात त्यांना मी पंखांबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. गोळी कशी बदलायची आणि पाकिटावर काय लिहायचं, एवढं सांगून मी दुसऱ्या गावाची गाडी पकडली होती. त्या पाकिटांसाठी ही बाई आठवड्याला एक दुपार एकेक मेलेला पतंग तळहातावर घेऊन पुसत बसली होती, आणि मी ओरडले म्हणून बसली होती.

तेवढ्यात शेजारच्या शेतकऱ्यानं बांधावरूनच मला विचारलं, "मॅडम, या वासानंच आली ना अळी?"

याचं उत्तर मला पाठ होतं. नाही. कीड वाऱ्याबरोबर येते, रात्रीतून कोसच्या कोस उडत येते. सापळा तिला आणत नाही, ती आल्याचं सांगतो. हे मी प्रशिक्षणात पोपटासारखं म्हणून दाखवायचे. पण सापळा सांगतो असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तुम्ही का नाही सांगितलं? सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि काकूही.

मी म्हणाले, "तपासणी चालू आहे."

आणि सापळा उचलून जीपमध्ये ठेवला. सरकारी वाटणाऱ्या गाडीतून बाई येते, काही न बोलता सापळा काढून नेते, याचा अर्थ गावानं जो लावायचा तो लावला. काकूंनी फडक्याची घडी केली आणि कमरेला खोचली. मला वाटतं त्याच वेळी त्यांना सगळं समजलं होतं. तेव्हा मात्र मी स्वतःला तसं वाटू दिलं नाही.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. शेतकऱ्यानं पाणी बंद केलं. भांडण नाही, शिवी नाही, फक्त पुढच्या मेमध्ये मोटरला पाणी कमी आहे म्हणाला. निंदणीलाही बोलावणं आलं नाही. पाणी नाही म्हणून मका नाही, मका नाही म्हणून शेगडी नाही. काकूंनी त्या तुकड्यात कोरडवाहू तूर लावली. कामासाठी मला अकोल्याला जावं लागायचं, आणि मेडशी वाटेतच. शेगडीची ती रिकामी जागा ज्या बाजूला दिसायची त्या बाजूच्या खिडकीशी मी बसायची नाही. चार वर्षं मी एसटीत चढल्यावर आधी बाजू पाहत होते.

या काळात माझं चांगलं चाललं. कंत्राट दर वर्षी वाढत गेलं, पुढे सापळे सांभाळणाऱ्यांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. मी चांगलं शिकवते, असं लोक म्हणतात. पंखांना हात लावू नका, डबा पालथा करून पतंग अलगद कागदावर पडू द्या, पान-मुंग्या आल्या तरी चालतील, हे मी तीन तीनदा सांगते. मागच्या पावसाळ्याआधी मंगरुळपीरकडे अशाच एका वर्गात माझी नवी सहकारी मदतीला होती. पंखांचा मुद्दा आला तशी ती रंगात येऊन सांगायला लागली. आमच्याकडे मेडशीला एक बाई होती, ती पतंग चक्क फडक्यानं पुसून पाठवायची, तिच्यापायी एवढी मोठी कीड आमच्या हातून सुटली. वर्ग हसला. आसेगावच्या एका आजोबांना तर हसून ठसका लागला. सगळे हसतात म्हणून मीही हसले.

हसू ओठांवर असतानाच मला स्वतःची शिसारी आली. सापळा काढून आणल्यावर फडक्याची हकीकत मीच अहवालात लिहिली होती. ही गोष्ट माझ्याच त्या कागदातून जन्मली होती आणि आता दर वर्षी शिकवली जाणार होती. मी उठून, ती चूक माझी होती, असं तिथं म्हणू शकले असते. पन्नास माणसं होती. मी चहाची सुट्टी जाहीर केली.

दोन दिवसांनी मी मेडशीला उतरले. काकू अंगणात तुरीची डाळ पाखडत होत्या. ओळखलं लगेच, पाणी दिलं, बाजेवर बसवलं. मी सगळं सांगितलं, न थांबता, घरून पाठ करून आल्यासारखं. टकले पतंग मला दिसत होते. कापून पाहायचा नियम माझा होता. साफ पाठवा असं मी रागात म्हटलं होतं. सापळ्याच्या वासानं कीड येत नाही. बोलता बोलता मला रडू आलं, आणि खोटं का सांगू, रडू आल्यानं थोडं बरंही वाटलं.

काकूंचं सूप थांबलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे मले काहून सांगून राह्यली? मले तर तवाच मालूम होतं. त्याइले सांग." आणि सूप बाजूला ठेवून उठल्या. मला वाटलं होतं मी माफी मागायला आले आहे. ती मागून झाली की निघता येईल, असं मी मनात धरूनच आले होते. परतीच्या बसची वेळही बघून ठेवली होती.

त्या मला शेजारच्या शेतकऱ्याकडे घेऊन गेल्या. तो घरीच होता. मला पाहून त्यानं ओसरीवर खुर्ची ओढली, रुमालानं पुसून दिली, आत चहा सांगितला. काकू पायरीखाली उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, आणि मी खुर्चीत बसले. मी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी रडू आलं नाही. कीड सापळ्यानं आली नाही. सापळ्यानं ती वेळेत दाखवली होती, मी पाहिली नाही. या बाईंचा यात काही दोष नव्हता, होता तो माझा.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग बशीत चहा ओतत म्हणाला, "जाऊ द्या हो मॅडम. मानसाच्या हातून होते. एवढं कायले मनाले लावून घेता?" वरून माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, असे लोक राहिले कुठे आता वगैरे. त्याच्या बायकोनं मला आणखी अर्धा कप घ्यायचा आग्रह केला. मी पाण्याचा विषय काढला तेव्हा तो लगेच म्हणाला की त्याचं कोणाशी वैर नाही. काकू दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता तो मला म्हणाला, "सांगा तिले, पानी घे म्हना."

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं, पण मान हलवली नाही. मी कप खाली ठेवला आणि निघाले.

रस्त्यापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. मला वाटलं, पाण्याबद्दल काही बोलतील, किंवा मला दोन शब्द सुनावतील, म्हणजे तेही एकदा होऊन जाईल. बस लांबून दिसायला लागली तेव्हा त्या बोलल्या, आणि आवाजात राग असा नव्हताच.

"तुमाले चहा संपायच्या आत माफ झालं, मॅडम. मले तर चार सालात कोनं इचारलंच नाई, तू केलं का म्हनून."

मीही विचारलं नव्हतं.